ग्रंथ उघडा राहिला पाहिजे
(शेवगाव येथे वर्षावासानिमित्त एका वाचकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्यास आपण एखाद्या पंडितास पाचारण केले असते, तर ते रीतीस धरून झाले असते. मी पंडित नव्हे. पाली भाषा मला अवगत नाही. पोटासाठी हिशेबाच्या वह्या लिहितो आणि त्यातून जो वेळ उरतो त्यात हाती येईल ते पुस्तक वाचतो. म्हणून मी ग्रंथांची परीक्षा करण्यास उभा राहिलेलो नाही. काही पुस्तके वाचताना मनावर काय उमटले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे. ज्या घरांत नुकतीच दीक्षा झाली आणि नुकतेच पहिले पुस्तक विकत आणले गेले, त्या घरांना या सांगण्याचा काही उपयोग झाला तर माझे येणे सार्थकी लागले, असे मी मानीन.

प्रारंभ एका शाळकरी मुलीपासून करतो. इ. स. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. या ‘ज्ञानोदया’चा जन्म १८४२ साली आपल्या नगरातच झालेला. निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी जोतीराव फुल्यांनी पुण्यात काढलेल्या शाळेत शिकत होती. वेद ब्राह्मणांचेच आणि ते पाहण्याचाही आम्हांस अधिकार नाही, असे जर आहे, तर आम्हांपाशी धर्माचे पुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता, असा तिच्या निबंधाचा सवाल होता. तो निबंध मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला त्यातील रडण्यापेक्षा त्यातील तर्क अधिक जाणवतो. या मुलीने दया मागितली नाही. तिने हिशेब मागितला.

तो हिशेब आज काही अंशी चुकता झाला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली. पुढील वर्षी बाबासाहेबांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो आहे. ज्यांच्यापाशी पुस्तक नव्हते त्यांच्या भिंतीला आता फळी आहे आणि फळीवर ग्रंथ आहे. परंतु मी घरोघर जातो तेव्हा अनेक ठिकाणी तो ग्रंथ स्वच्छ वस्त्रात गुंडाळून, वर फुले वाहून ठेवलेला पाहतो. ठेवणाऱ्याची भावना निर्मळ असते, याविषयी मला शंका नाही. तरी मनात येते की, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी पोथीही अशीच वस्त्रात असे. वाचणारा दुसरा, अर्थ सांगणारा दुसरा, आणि हात जोडून लांब बसणारे आपण. आता लांब कोणी बसवीत नाही. मग ग्रंथ बांधून का ठेवावा? पोथी आणि पुस्तक यांतील भेद माझ्या अल्पमतीप्रमाणे कागदाचा किंवा छपाईचा नाही. जिच्यापुढे शंका काढणे पाप मानले जाते, ती पोथी. जे वाचता वाचता शंका सुचते आणि ती मोठ्याने विचारता येते, ते पुस्तक. आज मी ज्या पुस्तकांविषयी बोलणार आहे ती सर्व मी याच मापाने मोजली आहेत.

प्रथम ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. मराठी भाषांतर १९७० साली आले. वर्षावासात गावोगाव तो वाचला जातो. त्यातील वाक्ये लहान लहान असून त्यांस क्रमांक दिलेले आहेत. त्यामुळे ज्यास फारसे वाचन नाही अशा माणसासही तो मोठ्याने वाचता येतो. परंतु या क्रमांकांमुळेच एक धोकाही उत्पन्न होतो. वाचणारा ओवीसारखा पुढे पुढे जातो, ऐकणारे शेवटी ‘साधु’ म्हणतात आणि उठून जातात.

अशा श्रोत्यांस माझी विनंती आहे की, त्यांनी ग्रंथाची प्रस्तावना एकदा स्वतः वाचावी. धर्मग्रंथाच्या आरंभी स्तुती असावयाची, अशी आपली समजूत असते. येथे आरंभीच चार अडचणी मांडल्या आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? चार आर्यसत्ये मूळच्या शिकवणीतील आहेत काय? आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा बसवावा? भिक्षू कशासाठी, स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की लोकांच्या सेवेसाठी? ज्याने लक्षावधी लोकांस दीक्षा दिली, तो पुरुष त्याच धम्माच्या ग्रंथाचा आरंभ अडचणी सांगून करतो, ही गोष्ट मला प्रथम वाचताना फार विलक्षण वाटली. आजही वाटते. जो ग्रंथ अशा रीतीने सुरू होतो, त्याच्यापुढे नुसती मान तुकवणे हा त्याचा सन्मान नव्हे.

हा ग्रंथ लिहिणाऱ्याची पुस्तकांशी वागणूक कशी होती? त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. त्यांच्या संग्रहातील पुस्तकांत पेन्सिलीने ओढलेल्या रेघा आढळतात. विद्यार्थिदशेत एका सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते चरित्र १८९८ साली प्रसिद्ध झालेले होते. एका शिक्षकाने एका मुलास एक पुस्तक दिले; त्या मुलाने ते वाचले आणि ते विसरला नाही. आपण लग्नात, वाढदिवसास, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलास काय देतो, याचा विचार या उदाहरणावरून प्रत्येकाने करावा.

वरील चार अडचणींपैकी पहिली घेऊन मी दुसऱ्या पुस्तकाकडे वळतो. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता, हे बुद्धीस पटत नाही, असे बाबासाहेब म्हणतात. हीच शंका त्यांच्याआधी धर्मानंद कोसंबी यांनी घेतली होती. ‘भगवान बुद्ध’ या आपल्या १९४० सालच्या ग्रंथात त्यांनी जुन्या सुत्तांच्या आधारे निराळे कारण शोधले. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता; शस्त्र धारण करण्याचा सिद्धार्थास उबग आला. अत्तदंड सुत्तात भांडणाऱ्या माणसांची तुलना थोड्या पाण्यातील माशांशी केलेली आहे, तिचा त्यांनी आधार घेतला. बाबासाहेबांच्या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचाच प्रसंग येतो, आणि युद्धास विरोध करणारा सिद्धार्थ संघापुढे उभा राहतो.

हे वाचताना मला आपल्या तालुक्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. पाण्याचा तंटा आपणांस पुस्तकात शोधावा लागत नाही. गोदावरीचे पाणी वरच्या धरणांत किती राहावे आणि जायकवाडीस किती सोडावे, यावरून नगर-नाशिक व मराठवाडा यांच्यात चाललेला वाद आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आणि १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी कोणी प्यावे हा वाद झाला, तो तर आपल्या इतिहासाचा भाग आहे. प्रेत पाहून घर सोडणारा राजपुत्र आपणांस दूरचा वाटतो. पाण्याच्या भांडणात रक्त सांडू नये म्हणून देशत्याग पत्करणारा तरुण दूरचा वाटत नाही. कथा बदलली तेव्हा भगवान बुद्ध लहान झाले नाहीत. ते जवळ आले. शंका घेतल्याने श्रद्धा ढळते म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचून पाहावीत.

कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. हे पुस्तक मी तीनदा वाचले आहे. गोव्यातील सांखवाळचा, इंग्रजी न शिकलेला एक तरुण. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्याने बुद्धाविषयी एक लेख वाचला आणि त्याच्या मनाने तोच ध्यास घेतला. पुढे पुणे, काशी, नेपाळ, बुद्धगया करीत तो श्रीलंकेस पोहोचला आणि तेथे १९०२ साली त्याने दीक्षा घेतली. काशीस अन्नछत्रात जेवून त्याने संस्कृत शिकले. या पुस्तकात अलंकार नाहीत. भूक लागली तर भूक लागली असे लिहिले आहे. माझ्या मनात मात्र एक प्रश्न प्रत्येक वाचनात उभा राहतो. मागे राहिलेली पत्नी आणि लहान मुलगी यांनी ते दिवस कसे काढले असतील? विद्येसाठी पुरुष बाहेर पडतो तेव्हा चूल कोण सांभाळते? पुस्तक आवडते म्हणून हा प्रश्न गिळावा, असे मला वाटत नाही. तो विचारल्याने कोसंबींची थोरवी कमी होत नाही, आणि आपल्या घरातील स्त्रियांचे ऋण मात्र ध्यानात येते.

याच कोसंबींनी ‘सुत्तनिपाता’चे मराठी भाषांतर केले. त्याच्या शेवटच्या भागास पारायणवग्ग म्हणतात. आपल्याकडे पारायण म्हटले की सप्ताह आणि अखंड वाचन डोळ्यांपुढे येते. येथे तसे नाही. गोदावरीच्या तीरी, अस्सकांच्या देशात बावरी नावाचा एक वृद्ध ब्राह्मण आपल्या शिष्यांसह राहत होता. बुद्धाचे नाव कानी पडताच त्याने सोळा शिष्य उत्तरेस पाठविले. ते कोणत्या मार्गाने गेले याची गावे ग्रंथात दिली आहेत. त्यांत पहिले नाव पतिट्ठान, म्हणजे आपले पैठण. पुढे माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कोसंबी, साकेत, सावत्थी आणि शेवटी राजगृहाचा परिसर.

पैठण येथून किती दूर आहे, हे शेवगावकरांस सांगावयास नको. तेथील धरणाच्या जलाशयाचे पाणी आपल्या तालुक्यातील गावांच्या शिवारास लागते. बौद्ध धम्म आपणांकडे १९५६ साली बाहेरून आला, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा वग्ग वाचावा. पितळखोऱ्याच्या लेण्यात एका खांबावर कोरलेला लेखही पाहावा. पैठणच्या एका अत्तरविक्याच्या कुळाने तो खांब दान दिल्याचे त्यात नमूद आहे. या नदीकाठच्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी लेण्यांसाठी आपली कमाई खर्च केली आहे.

परंतु मला या वग्गाचे महत्त्व केवळ पैठणच्या नावासाठी वाटत नाही. ते सोळाजण तेथे जाऊन काय करतात? वर मागत नाहीत, चमत्कार मागत नाहीत. एकेकजण पुढे होऊन प्रश्न विचारतो आणि बुद्ध उत्तर देतात. सबंध वग्ग प्रश्नांनी भरलेला आहे. शेवटी पिंगिय नावाचा वृद्ध शिष्य बावरीस आपण काय पाहिले, काय ऐकले ते सांगतो. स्वतः प्रवास करू न शकलेल्या म्हाताऱ्या गुरूस ऐकलेले सांगणारा पिंगिय मला फार आपला वाटतो. आपल्या घरोघरी असे बावरी आहेत. ज्यांना अक्षर मिळाले नाही, ज्यांची दृष्टी अधू झाली, अशी आपली माणसे ओसरीवर बसून असतात. त्यांच्यासाठी घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने पिंगिय व्हावे.

आता थोडे निराळे पुस्तक. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लेखिका ब्राह्मण कुटुंबातील, पुढे ख्रिस्ती झालेल्या. त्यांच्या आयुष्याची पुष्कळ वर्षे नगर आणि राहुरी येथे गेली. बौद्ध कुटुंबांनी हे पुस्तक का वाचावे? धर्मांतर म्हणजे काय, हे इतक्या खरेपणाने सांगणारी पुस्तके मराठीत थोडी आहेत म्हणून. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या पाच वर्षांत सोवळे, विटाळ, कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, याचा त्यांच्या मनात चाललेला झगडा त्यांनी स्वतःस हसत हसत लिहिला आहे. आपल्या मनातील शिवाशीव त्यांनी लपविली नाही आणि ती कशी गळून पडली, हेही सांगितले.

हे पुस्तक मिटताना माझ्या मनात आले की, दीक्षा एका दिवसात होते. स्वयंपाकघरात ती पोहोचण्यास वर्षे लागतात. आपल्या बावीस प्रतिज्ञांचेही तसेच आहे. सभेत त्या म्हणण्यास थोडा वेळ पुरतो. पण मुलाला ताप आला म्हणजे आजी कोणता नवस बोलते, सोयरीक जुळविताना आपण पोटजात विचारतो की नाही, येथे त्यांची परीक्षा होते. लक्ष्मीबाईंनी आपल्या घराविषयी जसे लिहिले, तसे आपल्या घराविषयी लिहिण्याचे धैर्य आपल्यात आहे काय?

ते धैर्य आपल्यातील काहींनी दाखविले आहे. दया पवार आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातील धामणगावचे. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. बेबीताई कांबळे फलटणच्या. त्यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ साली प्रसिद्ध झाले. या दोन पुस्तकांविषयी मी पुष्कळ घरांत एकच वाक्य ऐकतो. ‘हे सगळे मुलांच्या पुढे कशाला आणावयाचे? आता आपण त्यातून बाहेर पडलो आहोत ना?’ असे म्हणणाऱ्यांचे दुःख मला कळते. मेलेल्या ढोराचे मांस, भाकरीचे मागलेले तुकडे, मुंबईतील दाटीची वस्ती, दारू, मारहाण. हे वाचताना मान खाली जाते. तथापि माझे मत निराळे आहे.

‘बलुतं’ची रचना लक्षात घ्या. त्यात दगडू मारुती पवार हा दया पवारांशी बोलतो. जुने नाव नव्या नावास आपली हकीकत सांगते. आपल्यापैकी किती घरांत नावे बदलली, आडनावे बदलली! ते योग्यच झाले. पण जुन्या नावाचा माणूस आपल्याच घरात अबोल बसून राहिला, तर त्याचे दुःख कोणी ऐकावयाचे? बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारे धान्य, आणि त्या धान्याबरोबर येणारी लाचारी. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. ज्या मुलास आजोबाचे बलुते ठाऊक नाही, त्यास हे तीस वर्षांचे झगडणे म्हणजे परीक्षेपुरत्या दोन तारखा वाटतील, आणि दीक्षा म्हणजे वर्षातून एकदा येणारा सण वाटेल.

बेबीताईंचे पुस्तक माझ्या मते याहून एक पाऊल पुढे जाते. वस्तीबाहेरच्यांनी केलेला अन्याय त्या सांगतातच. परंतु वस्तीतल्या आत सुनेवर होणारे हाल, अंगात येणे, पोरांस पोतराज म्हणून सोडणे, यांवरही त्या पांघरूण घालीत नाहीत. जेजुरीस बाबासाहेब येऊन बोलले आणि बायाबापड्यांनी मुलांना शाळेत घालण्याचा निश्चय केला, तो भाग मी घरी मोठ्याने वाचला तेव्हा सर्व गप्प झाले होते. हे पुस्तक कसे लिहिले गेले? बेबीताई लहानसे किराणा दुकान चालवीत. पुड्या बांधण्यास येणारी रद्दी त्या वाचीत. पतीस कळू न देता त्यांनी लिहिले आणि लिहिलेले वर्षानुवर्षे लपवून ठेवले. बहुजनांच्या मुक्तीवर बोलणाऱ्या घरातही स्त्रीने वही लपवावी लागते, हा प्रश्न पुस्तकाच्या पानांइतकाच मोठा आहे. येथे बसलेल्या पुरुषांनी तो स्वतःस विचारावा.

कथा-कादंबऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. ज्यांचे वाचन नुकतेच सुरू होत आहे, त्यांच्या हाती अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ द्यावी. १९५९ सालची ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे. तरुण मुले ती एका बैठकीत संपवितात. उपाशी माणसांसाठी फकिरा लूट करतो, ती चोरी की न्याय, एवढा एक प्रश्न वाचून झाल्यावर मुलांना टाकावा. रात्रभर चर्चा चालेल. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ चा कथासंग्रह मात्र वाचन पक्के झाल्यावर घ्यावा. तो झोंबतो.

आता व्यवहाराच्या तीन गोष्टी सांगून संपवितो.

पहिली. घरात रोज थोडे वाचन मोठ्याने व्हावे, आणि वाचणारा दररोज बदलावा. आज मुलगा, उद्या सून, परवा आजोबा. सुनेने वाचावे आणि सासूने ऐकावे, यातही एक धम्मच आहे. वाचन झाल्यावर प्रत्येकाने निदान एक शंका काढलीच पाहिजे, असा घराचा नियम असावा. उत्तर लगेच सापडले नाही तर काही बिघडत नाही. ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, असे कालामांस सांगणाऱ्याचे आपण अनुयायी आहोत.

दुसरी. पुस्तकाजवळ फुलांऐवजी एक पेन्सिल ठेवावी. जे पटले त्याखाली रेघ, जे कळले नाही तेथे खूण. ज्याच्या पानांवर तीन पिढ्यांच्या खुणा आहेत, असे पुस्तक घराची खरी इस्टेट होय.

तिसरी. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नाही, ही सबब पुरेशी नाही. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांस त्यांच्या वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. तो पैसा जनतेचा आहे, आपलाही आहे. तेथे सभासद व्हावे आणि आपणांस हवे असलेले पुस्तक नावानिशी मागावे. ते नसेल तर मागविण्यासाठी लेखी अर्ज द्यावा. एकेकाळी ज्यांनी पुस्तकास हात लावणे गुन्हा होता, त्यांच्या मुलीने ग्रंथालयात जाऊन ‘हे पुस्तक मला पाहिजे’ असे सरळ शब्दांत म्हणणे, हाही हक्काचाच वापर आहे. हक्क वापरला नाही तर गंजतो.

१८५५ साली एका मुलीने आमच्यापाशी पुस्तक नाही, असे म्हटले होते. तिची तक्रार पुस्तक फळीवर चढवून भागणार नाही. आज घरी गेल्यावर वस्त्र सोडा, ग्रंथ खाली घ्या, घरातील सर्वांत लहान वाचणाऱ्याच्या हाती द्या आणि त्याने काय विचारले ते ऐकून घ्या.

जय भीम.